निरोप्याचं पाणी

आमच्या गावात मोतीरामला कोणी मोतीराम म्हणत नाही. म्हातारे, बायका, शाळेतली पोरं, सगळे त्याला निरोप्या म्हणतात आणि तोही त्या नावाला ओ देतो. मेहकरच्या बाजारात तो भाजी घेऊन बसतो, तिथंही हेच नाव पोचलं आहे. कोथिंबिरीला आमच्याकडं सांबार म्हणतात, आणि सांबार घ्यायचा तर निरोप्याकडूनच, असं मेहकरच्या बायकासुद्धा सांगतात. त्याचं खरं नाव विचारलं तर त्यातल्या निम्म्या गप्प बसतील.

हे नाव त्याला नाटकानं दिलं. चैत्रात आमच्या गावची यात्रा असते आणि यात्रेच्या दिवशी ऊन उतरलं की देवळापुढच्या मांडवात नाटक होतं. गावात वीज नव्हती तेव्हा ते दिवसाउजेडी करत, ती पद्धत वीज आली तरी कोणी मोडली नाही. नाटक दरवर्षी एकच. गावच्या शाळेत पूर्वी एक मास्तर होते, त्यांनी ते लिहिलं. त्याला एक चांगलं भारदस्त नाव आहे, पण गावात त्याला 'मरायचं नाटक' म्हणतात, कारण त्यात शेवटी दोघंही मरतात.

मी मेहकरच्या कॉलेजात मराठी शिकवतो. शोकांतिका हा पाठ गेली कित्येक वर्षं माझ्याच वाट्याला येतो, त्यामुळं या नाटकातलं आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळतं असा माझा समज आहे. गोष्ट साधी. दोन पाटील घराणी, दोघांच्या हद्दीवर एक विहीर आणि त्या विहिरीवरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. एका घरची केतकी, दुसऱ्या घरचा उदयभान. पहिल्या अंकात केतकी देवळात दिवा लावते आणि तो लावल्या लावल्या विझतो. वर्गात मी याला पूर्वसूचन म्हणतो आणि फळ्यावर लिहून देतो. मांडवातल्या बायका नुसतं 'अगं माय' म्हणतात. दुसऱ्या अंकात उदयभानचं उजेड आणि अंधारावर लांबलचक स्वगत आहे, तेवढ्यात पुरुषमंडळी भजी खाऊन येतात. मरणाच्या जरा आधी एक वात्रट न्हावी येऊन सगळ्यांना हसवून जातो. हसून सैल झालेला माणूस पुढं लवकर रडतो, हे मास्तरांना पक्कं ठाऊक असणार.

मग केतकी घर सोडून निघते आणि गड्याकरवी उदयभानला निरोप धाडते, 'मी निघाले आहे, थांब.' गडी उशिरा पोचतो. तिचं लग्न दुसरीकडं लागलं असं समजून उदयभान विष घेतो. ती येते, बघते, तीही घेते. मग दोन्ही बाप एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात आणि विहीर दोन्ही घरांना खुली होते. मला हा शेवट कधीच आवडला नाही. पोरं गेल्यावर शहाणं व्हायला काय लागतं?

पण मास्तरांची खरी करामत त्या गड्यात, म्हणजे निरोप्यात आहे. तो विंगेतून येत नाही. तो प्रेक्षकांच्या पार मागून, हातात पेटता कंदील घेऊन, माणसांमधून वाट काढत स्टेजकडं जातो. वाटेत त्याला वाटसरू भेटतात आणि बोलण्यात गुंतवतात असं मूळ नाटकात आहे. वाटसरूंसाठी नट कुठून आणायचे? मास्तरांनी गावालाच सांगून टाकलं की तुम्हीच अडवा. तेव्हापासून गाव त्याला अडवतं. कोणी पाणी पुढं करतं, कोणी चहा, कोणी त्याच्या म्हशीची चौकशी करतं. निरोप वेळेत पोचला तर दोघं वाचतील, हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि तीच माणसं हसत हसत त्याचा हात धरतात. नाट्यगत उपरोध म्हणजे काय, हे मला वर्गात घसा कोरडा करून सांगावं लागतं. माझ्या गावात तो दरवर्षी फुकट बघायला मिळतो.

मोतीरामच्या आधी पुंजाजी नावाचा गडी हे काम करायचा. एका यात्रेला एका बाईनं त्याला आग्रहानं पाणी पाजलं. त्या पावसाळ्यात गावात जुलाबाची साथ आली, पण त्या बाईच्या घरी कोणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. झालं. यात्रेच्या दिवशी निरोप्या ज्या घरचं पाणी पितो त्या घरी वर्षभर वाईट निरोप येत नाही, असं ठरून गेलं. आता मांडवात सगळ्या गावाला त्याच्या वाटेत बसता येत नाही, म्हणून पाणी पाजणं सकाळपासूनच सुरू होऊ लागलं. निरोप्या त्या दिवशी घराबाहेर पडला की प्रत्येक ओट्यावर थांबतो, घोटभर का होईना पितो आणि पुढं जातो. नाही म्हटलं तर वाईट निरोप त्या दारात ठेवून गेल्यासारखं होतं. हा निव्वळ मूर्खपणा आहे असं मी भर ग्रामसभेत बोललो होतो. त्याच वर्षीच्या यात्रेला माझ्या आईनं माझ्या डोळ्यांदेखत त्याला दोन पेले पाणी पाजलं.

मोतीराम या कामासाठीच जन्मला असावा. उंच, जरासा वाकलेला, चालताना मोठमोठ्या टांगा टाकणारा. तरुणपणी त्याला उदयभान व्हायचं होतं. पाय चांगले आहेत, चेहरा चालणार नाही, असं तेव्हाच्या दिग्दर्शकानं तोंडावर सांगितलं आणि त्यानं ते मानून घेतलं. नाही म्हणणं हे त्याच्या स्वभावातच नाही. बाजारात गिऱ्हाईक जुडी घेतल्यावर वरून चार काड्या मागतं, हा सहा देतो. त्याची बायको रुख्मिणी त्याच्याबरोबर बाजारात बसायची तेव्हा कपाळावर हात मारून घ्यायची, पुढं तिनं बसणंच सोडलं. नाटकातला हा उशीर करणारा माणूस एरवी घड्याळाच्या पुढं असतो. तालमीला सगळ्यांच्या आधी येतो आणि जागा झाडून ठेवतो.

मी परीक्षेत विचारतो तो प्रश्न एकदा त्यालाही विचारला होता. ही दोघं मेली ती नशिबामुळं, स्वभावामुळं की गड्याच्या उशिरामुळं? तो विडी पेटवत म्हणाला, "मी तं दरसाल पोचतोच न सर." मी हसलो. त्याच्या लेखी उशिरा पोचणं हेही पोचणंच होतं.

आता त्याच्या वैराविषयी सांगतो, कारण एवढ्या मऊ माणसाचंही एक वैर होतं. त्याच्या मळ्याला लागून त्र्यंबकरावांचं शेत आहे. दोन शेतांमधल्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. तीन वर्षांपूर्वी त्र्यंबकरावांच्या ट्रॅक्टरवाल्यानं नांगरताना धुरा खाल्ला. मोजणी झाली, माणसं जमली, बोलाचाली झाली आणि त्र्यंबकराव सगळ्यांसमोर बोलून गेले की याच्या शब्दाला काय किंमत, हा तर सोंगाड्या. धुरा परत मिळाला, पण तो शब्द मोतीरामला लागला. पुढच्या तीन यात्रांना त्यानं त्र्यंबकरावांच्या ओट्यावर पाऊल ठेवलं नाही. त्या घरात त्या तीन वर्षांत वाईट असं काही घडलं नाही, हे मी गावाला मुद्दाम दाखवून दिलं. गाव म्हणालं, त्यानं मनातून वाईट चिंतलं नसेल.

आणि त्याच त्र्यंबकरावांच्या मुलावर, हरिओमवर, मोतीरामच्या मुलीचा, प्रतीक्षाचा जीव जडला. ती मेहकरला औषधाच्या दुकानात काम करते, हरिओमचं तिथंच ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. हिवरा आश्रमाकडून येणाऱ्या एसटीनं दोघं रोज जायचे. जात एक, दोन्हीकडं पोटापुरतं होतं, मध्ये फक्त एक धुरा. मागच्या दिवाळीत हरिओमच्या आईनं, सुभद्राबाईनं, नवऱ्याला कसंबसं वळवून शब्द टाकला. मोतीराम नाही म्हणाला. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तो कोणाला नाही म्हणाला आणि नेमका इथं म्हणाला. प्रतीक्षा रडली नाही, भांडली नाही. ती रोज डबा घेऊन एसटीला जात राहिली आणि बापाशी कामापुरतं बोलत राहिली. मोतीरामला ते सहन होत नव्हतं, पण मागं कसं यावं हेही त्याला कळत नव्हतं.

यंदाच्या यात्रेच्या सकाळी तो पडवीत दाढी करत होता. प्रतीक्षा येऊन उभी राहिली. लोणारकडचे पाहुणे यात्रेसाठी त्र्यंबकरावांकडं आले होते, हरिओमसाठी बघितलेल्या मुलीचा बाप बरोबर होता आणि दुपारच्या जेवणाआधी सुपारी फुटणार होती. सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. त्यानंतर माघार घेणाऱ्या घरात आमच्याकडं पुन्हा कोणी मुलगी देत नाही.

"बाबा, तिथं आज सुपारी फुटून राह्यली," ती म्हणाली. "तुम्ही त्यायच्या दारात जाऊन हो म्हटलं तं थांबते. फोनवर नाही चालत, तुम्हीच पाह्यजे."

एवढंच बोलली. हरिओमशी तिचं ठरलं होतं की मोतीराम दारात दिसला की तो तोंड उघडेल. त्याआधी बोलून उपयोग नाही, असं त्याचं म्हणणं. प्रतीक्षाच्या बापाचाच नकार असताना आपल्या बापाशी भांडून काय मिळवायचं? मला या पोराचा मनापासून राग येतो. ठिबकचं दुकान चालवतो, शेतकऱ्यांशी दिवसभर वाद घालतो आणि स्वतःच्या लग्नाचं बोलायला दुसरा कोणी दारात येण्याची वाट बघतो.

मोतीरामनं अर्धी दाढी तशीच पुसली, सदरा घातला, टोपी घेतली आणि निघाला.  त्याला आनंद झाला होता. तिनं पुन्हा काहीतरी मागितलं, याचाच त्याला आनंद झाला होता.

त्याचा मळा गावाच्या एका टोकाला, त्र्यंबकरावांचं घर दुसऱ्या टोकाला. एरवी चालत गेलं तरी विडी संपायच्या आत माणूस पोचतो. पण तो दिवस यात्रेचा होता आणि जाणारा माणूस निरोप्या होता. मोतीरामला गाडी येत नाही. बाहेरून शेताशेतानं जावं तर यात्रेच्या पाळण्यांनी आणि गाड्यांनी तो रस्ता बंद झालेला. उरली मधली गल्ली आणि गल्लीत दोन्ही बाजूंना ओटे.

पहिल्या ओट्यावर तो पाणी उभ्यानंच प्याला. दुसऱ्यावर चहा तयार होता, तो त्यानं बशीत ओतून फुंकर न मारता घेतला आणि जीभ भाजून घेतली. तिसऱ्या घरची म्हातारी खाली बस म्हणाली, तर तो बसल्यासारखं करून उठला. लोक खूश होते. यंदा निरोप्या सकाळीच निघाला म्हणून पोरं पुढं धावून घरोघरी सांगत होती. माणसं पेले घेऊन बाहेर येत होती. आपल्याला काम आहे, असं तो म्हणाला की सगळे हसायचे, कारण नाटकातही तो तेच म्हणतो. 'सोडा बापहो, निरोप पोचवायचा आहे,' हे त्याचं वाक्य गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे. आणि खरं काय काम आहे ते त्याला सांगता येईना. ठरायच्या आधी सोयरिकीची गोष्ट वाटेवर बोलायची नसते. मुलीचं नाव निघतं, मोडता घालणारे कान टवकारतात आणि न जमलं तर तिच्याच वाट्याला बोलणं येतं. म्हणून तो पीत गेला आणि चालत गेला.

एवढं सगळं होऊनही तो वेळेत पोचला असता. विहाराच्या कोपऱ्यावर जनकाबाईचं घर आहे. ती त्याच्यासाठी पाट टाकून दारातच उभी होती.

जनकाबाईचं सांगितलं पाहिजे. मागच्या यात्रेला मोतीरामला नाटकासाठी तोंड रंगवायला उशीर होत होता आणि तिच्या दारावरून जाताना त्यानं लांबूनच हात हलवला होता, 'येतो माय मागून.' मग ते राहून गेलं. पावसाळ्यात तिचा मुलगा प्रसेनजित महामार्गावर टेम्पो चालवताना गेला. जनकाबाई मोतीरामला त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. मोतीरामनंच कितीतरी महिने त्या कोपऱ्यावरून जाणं सोडलं होतं. आता तिची मुलगी मयुरी तेवढी उरली आहे, ती पुण्याला दवाखान्यात नर्स आहे.

तो म्हणाला, माय, घोटभर पाणी दे, मी उभ्यानंच पितो. ती म्हणाली, पाणी कशाला, शेवया टाकल्या आहेत, दूध उतू येईपर्यंत बस.

"आमच्यात असलं काही मानत नाहीत रे मोतीराम," ती म्हणाली. "मीबी मानत नाही. पण मयुरी तिकडं एकटी हाय. तू बस."

मोतीराम बसला.

हे त्यानं मला त्याच दिवशी सांगितलं, तेव्हा मी चिडून विचारलं की शेवया पोराच्या हाती मागवून घेतल्या असत्या तर काय बिघडत होतं. तो म्हणाला, "सर, माही पोरगी डोयासमोर होती, अन् ही बाईबी डोयासमोर होती. वाटलं, एवढ्यात काय होते." दूध मंद आचेवर होतं. जनकाबाईनं घाई केली नाही, कारण तिला घाई ठाऊक नव्हती. तिनं वाटीत शेवया काढल्या, वर साखर घातली आणि तो खाईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली. त्यानं वाटी पुसून खाल्ली. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवून रडली, तेव्हा त्याला लगेच उठताही येईना.

त्या वेळी मी त्र्यंबकरावांच्या बैठकीत होतो. गावचा शिकलेला माणूस म्हणून मला अशा ठिकाणी बोलावतात आणि पेढे चांगले असतात म्हणून मी जातो. लोणारकडचा मुलीचा बाप साधा, घामेजलेला माणूस होता, सारखा उपरण्यानं तोंड पुसायचा. हरिओमचं लक्ष दरवाजाकडं होतं. दोनदा तो फोन घेऊन बाहेर जाऊन आला. मला वाटलं पोरगा लाजतो आहे. पानावर सुपारी ठेवली होती. जेवणं खोळंबली होती आणि कोणीतरी म्हणालं, आता कशाची वाट बघायची? हरिओम काहीतरी बोलणार असं मला एकदा वाटलं, पण त्यानं नुसता घसा खाकरला. हरिओमच्या चुलत्यानं सुपारी फोडली. दोन्ही बापांना कुंकू लागलं, ते एकमेकांना भेटले, पेढ्यांचं ताट फिरू लागलं.

ताट माझ्यापर्यंत आलं तेव्हा दारात मोतीराम उभा होता.

 तीन वर्षं जो माणूस या ओट्यावर चढला नव्हता तो अर्धी दाढी राहिलेल्या चेहऱ्यानं उंबऱ्यात उभा होता. त्यानं पानावरचे सुपारीचे तुकडे पाहिले. मग मुलीच्या बापाच्या कपाळाकडं पाहिलं. त्र्यंबकराव उठले आणि त्याच्याजवळ गेले. त्यांनी त्याला मिठीच मारली.

"तीन वरसांनी आला बाप्पा निरोप्या माझ्या घरी," ते म्हणाले. "अन् आला तं कोणत्या दिवशी आला!"

सगळ्यांना कळलं, म्हणजे सगळ्यांना वाटलं की कळलं. यात्रेचा दिवस, शुभकार्याचं घर, निरोप्या पाणी प्यायला स्वतःहून वैऱ्याच्या दारी आला. सुभद्राबाई तांब्या आणायला आत धावली. मुलीच्या बापाला कोणीतरी ती रीत समजावून सांगितली आणि त्यानं मोतीरामला हात जोडले. आपल्या मुलीचं पाऊल चांगलं आहे म्हणाला. हरिओम अर्धा उठला होता, तो पुन्हा खाली बसला आणि जमिनीकडं बघत राहिला.

त्र्यंबकरावांनी विचारलं, कसं येणं केलं, काही काम होतं का? विचारायचं म्हणून विचारलं.

"काही नाही," मोतीराम म्हणाला. "पाणी प्यायले आलो."

त्र्यंबकरावांनी स्वतःच्या हातानं त्याला पाणी दिलं. तो प्याला. मग त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की धुऱ्याचं जे झालं ते चुकलं, तो शब्दही चुकला, उद्यापासून धुऱ्यावरची बाभूळ दोघांची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एवढं जुनं दुखणं एका तांब्यात मिटलं म्हणून मला बरं वाटलं होतं.

दुपारी मी रंगायच्या खोलीत गेलो तर मोतीराम आधीच धोतर नेसून, मुंडासं बांधून बसला होता. माझ्याकडं मांडवाच्या मागून त्याला खूण करायचं काम असतं, त्याशिवाय त्यानं पुढं यायचं नाही. मी त्र्यंबकरावांच्या घरचं काही कौतुकाचं बोलायला लागलो, तेव्हा त्यानं मला सकाळपासूनचं सगळं सांगितलं, वर सांगितलं तसंच, न रडता. प्रतीक्षाला कळलं का, मी विचारलं. तो म्हणाला, हरिओमनं फोन केला असेल. तो स्वतः घरी गेला नव्हता. घरी जाऊन काय बोलायचं हे त्याला सुचलं नव्हतं.

मला राग आवरेना. मी म्हणालो, अजून काही बिघडलं नाही, ऊठ, चल माझ्याबरोबर, मी बोलतो त्र्यंबकरावांशी. ते तर आज तुझ्या गळ्यात पडले आहेत.

"त्या माणसाच्या कपायाले कुंकू लागलं सर," तो म्हणाला. "त्याच्याबी घरी पोरगीच हाय."

 मी त्याच्या मुंडाशाचा सुटलेला पदर खोचून दिला आणि बाहेर आलो.

मांडव भरला होता. पुढच्या रांगेत त्र्यंबकराव पाहुण्यांना घेऊन बसले होते आणि लोणारकरांना नाटक समजावून सांगत होते. दिवा विझला, बायका 'अगं माय' म्हणाल्या. स्वगताच्या वेळी पुरुष भजी खायला उठले. न्हाव्यानं सगळ्यांना हसवलं. स्टेजवर उदयभान एकटा राहिला आणि विषाचा पेला हातात घेऊन केतकीचं नाव घेऊ लागला. मी वळून खूण केली. मोतीराम कंदील घेऊन मांडवाच्या मागच्या बांबूपाशी आला आणि लोकांच्या माना मागं वळल्या.

प्रतीक्षा बायकांच्या शेवटच्या रांगेत, बांबूला लागूनच बसली होती. ती कधी येऊन बसली ते मी पाहिलं नव्हतं. घरची माणसं निरोप्याला अडवत नाहीत. तो रोज त्यांच्याच घरचं पाणी पितो, त्यांना कशाला हवं? पण मोतीराम दोन पावलं पुढं आला आणि ती उठून वाटेत उभी राहिली. मेहकरला जाताना नेते ती स्टीलची बाटली तिच्या हातात होती. डोळे सुजलेले होते, पण आवाज नीट होता.

मोतीराम थबकला. काय करावं हे न सुचून त्यानं नाटकातलंच वाक्य म्हटलं, सोडा, निरोप पोचवायचा आहे. 

तिनं झाकण काढून बाटली त्याच्यापुढं धरली.

"प्या बाबा," ती म्हणाली. "आता घाई नाही."

आजूबाजूच्या बायका हसल्या. पोरीनंही यंदा बापाला अडवलं म्हणून एकीनं टाळी दिली. मोतीरामनं कंदील खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी बाटली घेतली.